शाहीर पोलिसांच्या दप्तरात आहे, आपल्या दप्तरात कुठाय?



अंक उशिरा निघतोय. पैसे नव्हते हे नेहमीचं कारण, ते याही खेपेला आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. या अंकाचं संपादकीय मी दुसऱ्याच विषयावर लिहून ठेवलं होतं. ते फाडून टाकलं. का फाडलं ते आधी सांगतो.

मागच्या महिन्यात धाराशिव तालुक्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. तिथं आमच्या भागातला एक गायक राहायचा. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, लग्न, बारसं, पुण्यानुमोदन, जिथून बोलावणं येईल तिथं हा माणूस पेटी घेऊन हजर. रात्री दहाला बसला की पहाटे कोंबडं आरवेस्तोवर उठायचा नाही. बिदागी द्या, नका देऊ, गाडीभाडं दिलं तरी खुश. माणूस जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या वह्या बघाव्यात म्हणून मी गेलो होतो.

त्याची सून म्हणाली, "भाऊ, लई उशीर केला तुमी. पत्र्याची ट्रंक व्हती. कॅशेटी व्हत्या, वह्या व्हत्या, कार्यक्रमाची छापील कागदं व्हती. पावसाळ्यात घर गळलं, समदं भिजलं. मग भंगारवाल्याला देऊन टाकलं."

मी विचारलं, "कितीला?"

"साठ रुपये आले बगा. तुमाला पायजे व्हतं, तर आधी न्हाई का यायचं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही. सुनेचा दोष काय? तिच्या घराचं छप्पर गळत होतं. दोष आमचा. तो माणूस आमच्या सभांना गायचा. आमचं भाषण ऐकायला लोक थांबावेत म्हणून आधी त्याला बसवायचो. घरी येऊन मी आमचे जुने अंक काढले. कविता आहेत. बुद्ध की मार्क्स यावर पानंच्या पानं वाद आहेत. साहित्य संमेलनाला शिव्या आहेत, त्या आजही मागं घेत नाही. सभांचे वृत्तांत आहेत. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, आभार कुणी मानले, सगळ्यांची नावं आहेत. आणि शेवटी एक वाक्य : "रात्री गायनपार्टीचा कार्यक्रम झाला." बस्स. चार शब्द. पाच-सहा तास घसा फोडून गाणाऱ्या माणसाला आम्ही चार शब्द दिले, आणि त्यात त्याचं नाव नव्हतं.

म्हणून हे संपादकीय. हा आरोप बामणांच्या पेपरांवर नंतर, आधी आपल्यावर.

साहेबांच्या देशातलं उदाहरण सांगतो. लंडनमध्ये काही संगीत-पत्रकारांनी 2001 च्या सुमारास एक साठा उभा केला. रॉक्स बॅकपेजेस त्याचं नाव. गेल्या साठ-सत्तर वर्षांत पॉप, रॉक, सोल, रॅप या गाण्यांवर वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत जे छापून आलं ते सगळं शोधायचं, पुन्हा अक्षरजुळणी करायची, इंटरनेटवर ठेवायचं. मुलाखती, परीक्षणं, मैफलींचे वृत्तांत. चाळीस हजारांहून अधिक लेख आहेत तिथं. विद्यापीठं वर्गणी भरतात, पोरं त्यावर प्रबंध लिहितात. कुठल्या गावात, कुठल्या रात्री, कोण कसं गायलं आणि लोकांनी काय केलं, हे आज पन्नास वर्षांनी बसल्या जागी वाचता येतं. आणि हे गाणं काही दरबारी नव्हे. गिरणी-गोदीतल्या कामगारांच्या पोरांचं गाणं, रस्त्यावरचं गाणं. तिथल्या विद्वानांनी त्यालाही आधी नाक मुरडलंच होतं. पण कुणीतरी लिहून ठेवलं, आणि नंतर कुणीतरी ते लिहिलेलं गोळा केलं. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा.

त्यातही एक मेख आहे. त्या गाण्याची मुळं काळ्या माणसाच्या ब्लूजमध्ये, आणि त्यावर लिहिणारे मात्र बहुतेक गोरे. काळा गाणार, गोरा त्याचा अर्थ सांगणार. 1963 मध्ये लीरॉय जोन्स या काळ्या कवीनं, जो पुढं अमिरी बराका झाला, 'ब्लूज पीपल' हे पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की हे गाणं म्हणजे गुलामीतून आलेल्या माणसांचा इतिहास आहे. आमच्या पँथरनं 1972 मध्ये मुंबईत नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. डरकाळी घेतली. पण आपल्या गाण्याचं पुस्तक आपणच लिहायचं असतं, हा धडा घ्यायचा राहून गेला.

आणखी एक. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला मेमी स्मिथ या काळ्या बाईच्या आवाजातली ब्लूजची तबकडी ध्वनिमुद्रित झाली आणि पुढं तडाख्यानं खपली. कंपन्यांना तोवर वाटायचं, काळ्यांचं गाणं कोण विकत घेणार? शिकागोचा 'डिफेंडर' हा काळ्यांचा पेपर तबकड्यांच्या जाहिराती छापत होता, गायकांच्या बातम्या छापत होता, आपल्या वाचकाला सांगत होता की हे तुझं आहे. गाणं आणि पेपर हातात हात घालून चालले की काय होतं, ते यातून दिसतं.

आपल्याकडं असं नव्हतंच का? होतं. सत्यशोधक समाज 1873 चा. त्याच्या जलशांनी गावोगाव भटशाहीची पिसं काढली. तीच वाट पुढं आंबेडकरी जलशांनी धरली. भीमराव कर्डक आणि त्यांचे साथी नाशिककडून निघाले ते गावोगाव फिरले. बाबासाहेबांचं 'जनता' पत्र 1930 ला निघालं, त्यात जलशांची वृत्तं यायची. म्हणजे आपल्या पत्रकारितेच्या पहिल्या पिढीला हे कळत होतं. सभेची बातमी जेवढी महत्त्वाची, तेवढीच जलशाची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचा पेपर म्हणजे जलसाच. बाबासाहेब जलशाला आपल्या भाषणांपेक्षाही वरचा मान द्यायचे, असं जुने लोक सांगतात.

मग पुढं काय झालं? आपण शिकलो. शिकलेल्या माणसाला गाण्याची लाज वाटायला लागली. मुक्तछंद म्हणजे साहित्य, आणि डफावरचं गाणं म्हणजे मनोरंजन, असा भेद आपणच केला. वर्णव्यवस्था शिव्या देऊन दारातून हाकलली, ती खिडकीतून वाङ्मयप्रकारांत शिरली. कवीला स्टेजवर खुर्ची, गायकाला सतरंजी. कर्डकांनी म्हातारपणी स्वतःच बसून 'आंबेडकरी जलसे' लिहिलं, ते 1978 मध्ये छापून आलं. ते त्यांनी लिहिलं नसतं तर अर्धा इतिहास त्यांच्याबरोबर गेला असता. गायकानं गायचंही आणि स्वतःचा इतिहासही स्वतःच लिहायचा! मग आम्ही लेखणीवाले कशाला?

1978 वरून नामांतर आठवलं. 27 जुलैला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. घरं जाळली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेला मारलं. ठरावापासून नामविस्तारापर्यंत, 14 जानेवारी 1994 पर्यंत, साडेपंधरा वर्षं गेली. ही साडेपंधरा वर्षं लोक कशावर उभे राहिले? भाषणांवर? भाषणं एक दिवस. बाकीचे दिवस गाण्यावर. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात, आत्माराम साळवे नावाचा शाहीर होता. 1953 चा जन्म. नामांतरासाठी गावोगाव गात फिरला. शाहिरी भडकाऊ आहे म्हणून त्याच्यावर खटले भरले. 1991 मध्ये तो गेला. विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव लागलेलं त्याला बघायला मिळालं नाही.

आता नीट ऐका. खटला म्हटला की कागद आला. तारीख आली, गाव आलं, जमाव किती होता ते आलं, शाहिराचं नाव बापाच्या नावासकट आलं. म्हणजे ज्या रात्रीबद्दल आमच्या अंकात "गायनपार्टीचा कार्यक्रम झाला" एवढंच छापायचं, त्या रात्रीची तपशीलवार नोंद ठेवणारा एकच वार्ताहर हजर होता, आणि तो खाकी कपड्यात होता. सरकारला कळलं होतं की हे गाणं म्हणजे काय चीज आहे. आम्हाला कळलं नाही. याच्यापेक्षा मोठी शरम दुसरी कुठली?

आत्माराम साळव्यांवर अलीकडं केशव वाघमारे यांनी गावोगाव हिंडून लिहिलं. ते 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या 2014 पासून चाललेल्या संकेतस्थळावर, आलं आहे. मराठवाड्यातल्या शाहिरांची ही मालिका आहे. त्याच ठिकाणी जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षं खेडी पालथी घालून गोळा केलेल्या. एक लाखाहून जास्त. बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या. ओवीखाली बाईचं नाव आहे, गाव आहे, जात आहे, काही ओव्यांना तिचा आवाज आहे. जात्यावरच्या बाईला नाव असतं, हे छापून सिद्ध करायला आपल्याला किती वर्षं लागली बघा.

आणि विलास घोगरे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी या शाहिरानं गळफास घेतला. त्याच्यापासून सुरुवात करून आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून 'जयभीम कॉम्रेड' हा चित्रपट केला, 2011 मध्ये तो पुरा झाला. त्यात आपले गायक आहेत, वस्त्या आहेत, तारखा आहेत. हे काम चांगलं आहे, मी त्याला सलाम करतो. पण आपल्या चळवळीच्या एकाही कचेरीत घोगरेंच्या कार्यक्रमांची फाईल होती का? हा प्रश्न पटवर्धनांना विचारायचा नाही, आपल्याला विचारायचा आहे.

वरच्या वर्गाच्या पेपरांबद्दल फार बोलत नाही, कारण त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणं हाच मूर्खपणा. नाट्यसंगीत, भावगीत, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, यांवर त्यांनी रकानेच्या रकाने भरले. कुणाचा गंधार कसा लागला यावर तीन दिवस वाद घातला. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला आणि 2004 मध्ये जाईपर्यंत गात राहिला. त्यांच्या हयातीत त्यांच्या एखाद्या रात्रीच्या मैफलीवर मोठ्या पेपरात कधी परीक्षण वाचलंत? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्यांनी ओळखला, पण विठ्ठलाच्या गाण्यांतून. तोच गळा रात्रभर भीमाचं गाणं गायचा, ते त्यांच्या कानाला ऐकूच गेलं नाही. कॅसेट आल्यावर आपलं गाणं खेड्यात पोचलं, ते कुणाच्या परवानगीवाचून. रेडिओच्या निवड समितीची गरज उरली नाही. या कॅसेटयुगावर पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं 1993 मध्ये ग्रंथ लिहिला, तोही मुख्यतः उत्तर भारतावर. आमच्या एस. टी. स्टँडवरच्या कॅसेटच्या गाड्यावर लिहायचं आमचं काम होतं. आम्ही केलं नाही.

पण आपल्या गाण्यावरची पत्रकारिता अजिबात झाली नाही असंही नाही. ती दुसऱ्या कागदांवर झाली. कॅसेटच्या डबीतलं घडीचं वेष्टण काढून बघा : कवी कोण, गायक कोण, ढोलकी कुणाची, बँजो कुणाचा, कोणत्या साली, ध्वनिमुद्रण कुठं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या गीतांच्या पुस्तिका बघा, त्यांच्या प्रस्तावना वाचा. कव्वालीच्या मुकाबल्यांची हँडबिलं बघा : तारीख, चौक, पार्टीचं नाव, वर्गणी देणाऱ्या मंडळाचं नाव. हाच आपला संगीताचा पेपर. त्याला संपादक नव्हता, वर्गणीदार नव्हते, म्हणून तो रद्दीत जातोय.

जिल्ह्याकडं बघा. तेरला लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. सातवाहन काळातले मणी आणि मातीच्या मूर्ती तिथं काचेत ठेवल्यात. चांगलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्याला काच मिळते, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटला भंगाराचा भाव. कसबे तडवळ्याला 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब आले, बैलगाडीतून मिरवणूक निघाली. ही आठवण आपण दरसाल जागवतो. पण त्या मिरवणुकीपुढं वाजलं काय, वाजवलं कुणी, गायलं कोण, हे आपण त्या गावच्या म्हाताऱ्यांना ते जिवंत असताना विचारलं का?

इथं आणखी एक कडू घोट घ्या. परिषदेचं नाव महार-मांग परिषद होतं. पण आपल्या गाण्याच्या इतिहासात हलगीवाला मांग कुठं आहे? वेष्टणावर गायकाचा फोटो, कवीचं नाव, आणि हलगीला 'आणि साथीदार'. तुळजापूरच्या वाटेवर रात्र रात्र गाणारी आराधी बाई कुठं आहे? "ती देवीचं गाते, ती आपली नव्हे" असं म्हणून तिला मोकळं करू नका. देवी सोडून भीमाचं गाणं त्याच चालीवर तिनंच वस्तीत आणलं. चाल तिची, नाव कुणाचं? आपण संग्रह करणार आणि त्यातही उतरंड ठेवणार असू, तर मग नकोच तो संग्रह.

आता इंटरनेट आलंय. यूट्यूबवर जुनी भीमगीतं हजारोंनी आहेत. पोरं चढवतात, ती आपलीच पोरं, भावना चांगली. पण चढवणाऱ्याच्या चॅनेलचं नाव मोठ्या अक्षरात आणि कवीचं नाव गायब. किंवा 'पारंपरिक' असं लिहून मोकळे. अरे, ज्याची म्हातारी अजून जिवंत आहे त्याचं गाणं पारंपरिक कसं? 1957 च्या कायद्यानं कवीचा हक्क तो गेल्यावरही 60 वर्षं राहतो. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराला मानधनाचा हक्क दिला, तो लिहून घेऊनही कुणाला सहजी काढून घेता येत नाही. पण हक्क मागायला आधी नाव लागतं. वेष्टण रद्दीत गेलं की पुरावा गेला, आणि कवीच्या विधवेचा हक्कही त्याच्याबरोबर गेला. म्हणून हे काम हौसेचं नाही. हा भाकरीचा प्रश्न आहे.

काही मित्र म्हणतील, माणसं मारली जातायत, जमिनी जातायत आणि तुम्ही कॅसेटी गोळा करत बसा. मी स्वतः कालपर्यंत हेच म्हणायचो. आता म्हणत नाही. नामांतराच्या जाळपोळीत कुठल्या गावात काय झालं, हे सरकारी अहवालात जेवढं नाही तेवढं गाण्यात आहे. गाणं पुसलं की जळालेलं गाव दुसऱ्यांदा जळतं.

तेव्हा या अंकापासून असं ठरवलंय. दर अंकात दोन पानं गाण्याची. कुठं कार्यक्रम झाला, कोण गायलं, कुणाची रचना, ढोलकी-हलगी कुणाची, लोक किती, कुठल्या गाण्याला पुन्हा म्हणा म्हणून आरोळी आली. आणि पार्टी वाईट गायली तर तसंही लिहायचं. आपलं म्हणून खोटी वाहवा नको. नुसत्या स्तुतीला पत्रकारिता म्हणत नाहीत.

दुसरं. प्रत्येक वस्तीत एका पोरानं किंवा पोरीनं एक वही करावी. घरोघर जाऊन वेष्टणं, हँडबिलं, पुस्तिका, पार्टीच्या वह्या यांचे मोबाईलवर फोटो काढा. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरीच राहू द्या, उचलून आणू नका. आपण काही जप्ती करायला निघालो नाही. फोटोमागं गाव, घर, तारीख लिहा. म्हाताऱ्या गायकाला बोलतं करा आणि रेकॉर्ड करा, पण आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर नको.

तिसरं. कॅसेट सापडली तर लगेच मशीनमध्ये घालू नका. बुरशी लागलेली पट्टी फिरवली की तिच्यावरचा तपकिरी थर निघतो आणि आवाज कायमचा जातो. कोरड्या, सावलीच्या जागी, लोहचुंबक आणि स्पीकरपासून लांब, उभी ठेवा. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. उतरवताना आधी न दाबलेली मोठी फाईल करा, मोबाईलवर पाठवायची लहान प्रत नंतर. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक गायकाच्या घरी.

हे सगळं एकत्र आणून इंटरनेटवर ठेवायचं, फुकट, मराठीत, शोधता येईल असं. पैसे नाहीत. मागायला विद्यापीठाकडं जाऊ, पण किल्ली त्यांच्या हातात देणार नाही.

पहिली नोंद मी केली आहे. त्या खेड्यातल्या गायकाची. त्याचं नाव या अंकात छापलं नाही, कारण सुनेला विचारायला अजून जायचंय. या वेळी विचारून छापणार. ती म्हणाली होती, दोन गाणी मला पाठ आहेत, मामंजी पेटीवर बसले की मी चुलीपाशी म्हणायची. ती दोन गाणी उतरवून घ्यायला येत्या रविवारी जातोय. ज्याला यायचं त्यानं यावं. एस. टी.चं भाडं ज्याचं त्यानं भरायचं.

जयभीम.